निर्यातक्षम द्राक्षबाग : निविष्ठा पुरवठादार कसा पारखावा?

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छाटणी, संजीवके, विरळणी आणि फवारणीचे वेळापत्रक यांवर आपण दरवर्षी पुष्कळ ऐकता. आज त्यांपैकी कशावरही बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते औषधाच्या दुकानाबद्दल, रोपवाटिकेबद्दल, शेणखताची ट्रॉली टाकणाऱ्याबद्दल आणि मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाबद्दल. थोडक्यात, आपल्या बागेला जे जे लागते ते पुरविणाऱ्या माणसांबद्दल. त्यांची निवड कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय कोरडा वाटेल. परंतु ज्यांचा माल युरोपच्या बाजारपेठेत जातो त्यांचे वर्षाचे उत्पन्न या निवडीत अडकलेले असते. बाग उत्तम, घड एकसारखे, मण्यांचा आकार आणि गोडी मनासारखी, आणि तरीही प्रयोगशाळेच्या अहवालातील एका ओळीने माल निर्यातीतून बाद होतो, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले आहे. ती ओळ पुष्कळदा बागेत जन्मत नाही, ती दुकानातून बाटलीत बसून बागेत येते.

आपणही कोणाचे तरी पुरवठादार आहोत

आपण स्वतःला उत्पादक म्हणवतो. युरोपातील दुकानसाखळीच्या दप्तरात मात्र आपली नोंद 'पुरवठादार' अशी असते, आणि तेथे आपली परीक्षा घेतली जाते. युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये 'युरेपगॅप' या नावाने शेतीच्या चांगल्या पद्धतींची नियमावली तयार करण्यास सुरुवात केली. २००७ मध्ये तिचे नाव 'ग्लोबलगॅप' झाले. तिच्यातील अत्यावश्यक मुद्द्यांत शंभर टक्के आणि त्याखालच्या आवश्यक मुद्द्यांत किमान ९५ टक्के पूर्तता असल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. पाणी कोठून घेता, औषध कोठे ठेवता, रिकाम्या बाटल्यांचे काय करता, मजुरांना हात धुण्यास जागा आहे काय, हे सर्व त्यात तपासले जाते.

मागणी तेथे थांबत नाही. युरोपीय संघाने अन्नातील कीटकनाशक अंशाच्या कमाल मर्यादा ठरविल्या आहेत आणि २००८ पासून त्या सर्व सदस्य देशांत एकसारख्या आहेत. काही दुकानसाखळ्यांना तेवढ्याने समाधान होत नाही. त्या कायद्यातील मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालेल अशी अट घालतात, आणि एका नमुन्यात एकूण किती औषधांचे अंश सापडले तेही मोजतात. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीतील दक्षतेचा कायदा अंमलात आला. प्रथम तीन हजारांहून अधिक कामगार असलेल्या आणि २०२४ पासून एक हजाराहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना तो लागू करण्यात आला. माल पुरविणाऱ्यांकडे माणसांना कसे वागवले जाते आणि पर्यावरणाला हानी पोहोचते काय, हे पाहण्याची जबाबदारी त्याने कंपनीवर टाकली. हिलाच पर्यावरणपूरक पुरवठा साखळी म्हणतात. साखळी म्हटली की एक कडी दुसरीला विचारते. दुकानसाखळी आयातदाराला विचारते, आयातदार निर्यातदाराला आणि निर्यातदार आपणाला. आपण मात्र पुढे कोणालाच विचारत नाही. विचारण्याची साखळी आपल्या बांधावर येऊन तुटते, आणि नुकसान तेथूनच आत शिरते.

२०१० चा हंगाम

जुन्या बागायतदारांना २०१० सांगावे लागणार नाही. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. त्याआधी २००३ मध्ये नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. त्यानंतर अपेडाने अंश तपासणीची योजना सुरू केली, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले आणि २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही नोंदणी व्यवस्था उभी राहिली. प्लॉटची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि मगच माल बाहेर. व्यवस्था चांगली बसली होती.

तरीही २०१० मध्ये युरोपातील तपासणीत द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, ते आढळले. द्राक्षासाठी तेथील मर्यादा त्या वेळी किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला, भाव कोसळले, पैसे बुडाले. सीसीसी हे चोरून वापरलेले औषध नव्हते. खरड छाटणीनंतर फुटींची शाकीय वाढ आवरण्यासाठी ते वर्षानुवर्षे उघडपणे वापरले जात होते. वेलीत शोषले गेलेले हे द्रव्य पुढील हंगामाच्या फळातही उतरू शकते. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हते, म्हणून येथे कोणी शोधले नाही. तेथे शोधले आणि सापडले.

या प्रकरणाबद्दल अजूनही 'यादी अपुरी होती' असे म्हणून विषय संपवला जातो. ते खरे आहे, पण माझ्या मते अर्धेच. बाटली कारखान्यातून दुकानात, दुकानातून बागेत, बागेतून घडात आणि घडातून बंदरावर गेली, आणि वाटेत एकाही माणसाने 'हे द्रव्य ज्या देशात माल जाणार तेथे चालते काय?' हा प्रश्न पुढच्याला विचारला नाही. आता यादी मोठी झाली आहे. प्रश्न विचारण्याची सवय तेवढी वाढलेली दिसत नाही.

आकडा किती लहान असतो

ज्या औषधासाठी युरोपात स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही त्याला सामान्यतः किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. एकरी दहा टन उत्पादन धरले तर सर्व मालात मिळून १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. चिमटीत धरावे तर दिसणारही नाही.

आता समजा, 'संपूर्ण जैविक' असे छापलेल्या एक लिटरच्या बाटलीत एक टक्का रासायनिक कीटकनाशक गुपचूप मिसळले आहे. म्हणजे त्या बाटलीत दहा ग्रॅम विष आले. ते एकरभर फवारले आणि त्यातील दहावा भागच घडांवर बसला, तरी तो एक ग्रॅम होतो. मर्यादेच्या दहापट. उन्हाने आणि दिवसांनी त्याचे विघटन होईल हे खरे, परंतु जे औषध आपण मारले हेच आपणास ठाऊक नाही त्याचा काढणीपूर्व कालावधी आपण पाळणार कसा?

हे उदाहरण आकडेमोडीसाठी घेतले असले तरी प्रकार कल्पनेतला नाही. जैविक, वनस्पतिजन्य किंवा 'टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत न छापलेली रासायनिक कीटकनाशके निघाल्याचे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. भुरी किंवा फुलकिडे दोन दिवसांत साफ झाले की आपण त्या बाटलीची वाहवा करतो. जैविक घटक सहसा असे काम करीत नाहीत. इतका झटपट गुण आला तर तेथेच शंका घ्यावी.

आधी गाळणी, मग गुण

व्यवस्थापनशास्त्रात पुरवठादार निवडण्याची एक सोपी रीत आहे. कोणत्या गोष्टींना किती महत्त्व ते ठरवायचे, प्रत्येक पुरवठादाराला प्रत्येक बाबीत दहापैकी गुण द्यायचे आणि महत्त्वाप्रमाणे बेरीज करायची. रीत चांगली आहे, पण तीत एक खोट आहे. एका बाबीतील उणीव दुसऱ्या बाबीतील जास्तीने भरून निघते. दुकानदार पावती देत नाही, पण माल स्वस्त देतो, मग बेरीज बरी येते! कारखान्याच्या खिळे-मोळ्यांच्या खरेदीत हे एक वेळ चालेल. औषधाच्या खरेदीत चालणार नाही. म्हणून आधी गाळणी लावावी आणि जो तीतून खाली उतरेल त्यालाच गुण द्यावेत.

गाळणीचे प्रश्न चारच. विक्रेत्याचा चालू मुदतीचा परवाना दुकानात लावलेला आहे काय? तो प्रत्येक खरेदीची पक्की पावती देतो काय, आणि तीवर उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक व मुदत लिहितो काय? कीटकनाशक असेल तर त्याच्या लेबलावर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचे नाव व प्रमाण आणि विषारीपणा दाखविणारा रंगीत चौकोन आहे काय, आणि त्या लेबलावर द्राक्ष पिकासाठी शिफारस आहे काय? आणि चौथा, बाटलीत काय आहे असे विचारले तर तो लिहून देण्यास तयार होतो काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले तर तेथे गुण मोजत बसू नये. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम विक्रेत्यावर परवान्याचे आणि पावतीचे बंधन घालतात. आपण पावती मागतो तेव्हा उपकार मागत नाही. जैव-उत्तेजकेही २०२१ च्या दुरुस्तीने खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत आली आहेत. तेव्हा 'हे औषधही नाही आणि खतही नाही, याला कागद लागत नाही' असे म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

गाळणीतून उतरलेल्यांना शंभरपैकी गुण द्यावेत. मी सुचवीन ते वजन असे : मालाची खात्री, म्हणजे त्याच्याकडील औषधे वापरलेल्या प्लॉटचे मागील अहवाल कसे आले, याला ३०. सल्ला आणि माहिती, म्हणजे काढणीपूर्व कालावधी व निर्यातीच्या देशातील मर्यादा त्याला ठाऊक आहे काय, याला २०. पर्यावरणाची काळजी, म्हणजे साठवण नीट आहे काय, कमी विषारी पर्याय सुचवितो काय, गरज नसता माल गळ्यात मारतो काय, रिकाम्या डब्यांची व्यवस्था पाहतो काय, याला २०. किमतीला १५, वेळेवर पुरवठ्याला १० आणि उधारीला ५.

उदाहरण घेऊ. दुकान 'अ' गावातच आहे. त्याला दहापैकी खात्रीत ५, सल्ल्यात ४, पर्यावरणात ३, किमतीत ९, वेळेत ९ आणि उधारीत पूर्ण १० गुण मिळाले. दुकान 'ब' तालुक्याला आहे. त्याला अनुक्रमे ९, ७, ६, ६, ६ आणि उधारीत शून्य. वरील वजनाने 'अ' ची बेरीज ५६.५ येते आणि 'ब' ची ६८. आता आपण मनातल्या मनात जे वजन धरतो ते लावून पाहा : किंमत ४०, उधारी ३०, वेळ २०, खात्री १० आणि बाकी काही नाही. 'अ' ला ८९ आणि 'ब' ला ४५! दुकाने तीच, गुण तेच. फक्त कशाला महत्त्व द्यायचे ते बदलले. आपले वजन कागदावर एकदा लिहून पाहावे. लिहिल्याशिवाय ते दिसत नाही.

हे गुण घरातील दोघा-तिघांनी वेगवेगळे द्यावेत. डिपिंगच्या आणि विरळणीच्या वेळी मजुरांबरोबर बागेत उभी राहणारी बहुधा घरची बाईच असते. कोणत्या औषधाने डोळे चुरचुरतात, कोणत्या डब्याचे झाकण गळते हे तिला मालकाहून अधिक ठाऊक असते. दोघांच्या गुणांत तीनहून अधिक फरक पडला तर सरासरी काढून मोकळे होऊ नये, का पडला ते बोलावे.

उधारीची गाठ

आता आपल्या मनात जे आहे ते मीच बोलतो. 'साहेब, हे सगळे खरे, पण गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत उधार कोण देणार? तुमचे 'ब' दुकान देणार काय?' प्रश्न रास्त आहे. ज्याची उधारी डोक्यावर आहे त्याला 'तुझे औषध नको' म्हणता येत नाही. त्यातून दुकानदार भावकीतला किंवा पाहुणा असला म्हणजे बोलणेच खुंटते. पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य उधारीत गहाण पडलेले असते. हे लक्षात न घेता नुसता उपदेश करणे मला बरे वाटत नाही.

उधारी पूर्ण सोडा असे मी म्हणत नाही. परंतु तिचा हिशेब करावा. तीच बाटली रोखीने काय भावाने मिळते आणि उधारीने काय भावाने, हा फरक काढून त्याचे महिन्यांप्रमाणे व्याज मांडावे. वेळेत फेडलेल्या पीककर्जावरील व्याजाशी ते ताडून पाहावे. पुष्कळांना त्या दिवशी झोप येणार नाही. त्यानंतर निदान एक वाटणी करता येते. मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत जे काही फवारायचे ते रोखीने आणि निवडलेल्या दुकानातूनच घ्यावे. ड्रिपचे फिटिंग, तारा, सुतळी, सुरुवातीची खते यांची उधारी चालू राहिली तरी त्यातून अंश येत नाहीत. पंधरा-वीस बागायतदारांच्या गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने हंगामाची यादी करून एकत्र खरेदी केली तर भावही उतरतो आणि बॅचही एकच राहते. गटाने प्रमाणपत्र घेतले असेल तर हे विशेष करून पाळावे, कारण एका सभासदाच्या बाटलीमुळे सर्व गटाचे प्रमाणपत्र अडचणीत येऊ शकते.

संशयित बाटली

नवीन उत्पादन, विशेषतः जैविक म्हणून आलेले, घेताना त्याच बॅचची एक लहान सीलबंद बाटली जास्त घ्यावी. तिच्यावर तारीख घालून विक्रेत्याची सही घ्यावी आणि ती न फोडता पावतीसह थंड, अंधाऱ्या जागी ठेवून द्यावी. पुढे अहवालात नको ते निघाले तर ही बाटली उपयोगी पडते. सही मागताच ज्याचा चेहरा बदलतो त्याचा माल घ्यायचा की नाही हे तेथेच ठरते. असे उत्पादन मोठ्या क्षेत्रावर वापरण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीटकनाशकांसाठी तपासून घ्यावे. एकट्याला हा खर्च जड जातो, गटाला जात नाही. तक्रार असल्यास गुणनियंत्रण निरीक्षकास कळवून त्यांच्याकडून रीतसर नमुना घ्यावा. आपण स्वतः भरलेल्या बाटलीला कायद्यापुढे किंमत नसते.

लेबलावरील पानाचे चित्र, 'सेंद्रिय', 'अंशमुक्त', 'निर्यातीसाठी खास' हे शब्द छापायला शाईच लागते. द्राक्ष संशोधन केंद्राकडून शिफारशीतील औषधांची, त्यांच्या काढणीपूर्व कालावधीची आणि युरोपातील मर्यादांची यादी प्रसिद्ध होते. तिच्यात सुधारणा होत असतात. नवी यादी समोर ठेवूनच खरेदी करावी. तिकडचे नियम बदलतात ते किती, याची दोनच उदाहरणे देतो. क्लोरपायरीफॉसची मंजुरी युरोपीय संघाने २०२० च्या आरंभी आणि मॅन्कोझेबची त्याच वर्षाच्या अखेरीस संपुष्टात आणण्याचे ठरविले. दोन्ही आपल्या ओळखीची औषधे. आपल्या दुकानदाराला हे ठाऊक आहे काय, असे सहज विचारून पाहावे. सल्ल्याचे गुण देणे सोपे जाईल.

बाकीचे पुरवठादार

फवारणीसाठी भाड्याने ब्लोअर आणणारा हाही पुरवठादारच. आधीच्या बागेत त्याने काय मारले हे विचारावे आणि टाकी, नळ्या व नोझल आपल्या डोळ्यांसमोर तीनदा धुऊन घ्यावेत. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नये. शेणखत किंवा कोंबडीखत घेताना ते कोठून आले, कुजलेले आहे काय आणि शहरी कचरा मिसळला आहे काय, हे पाहावे. रोपवाटिकेकडून खुंटाची जात, डोळा कोठल्या बागेतून आणला आणि रोपांवर कोणती औषधे मारली याचा कागद घ्यावा. रोप एकदा लागले की पंधरा वर्षे त्याच्याशी संसार आहे.

मुकादमाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, आणि उचल मुकादमाच्या हाती जाते. मजुरी प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातात पडते काय, टोळीत लहान मुले कामाला लावली आहेत काय, डिपिंग करणाऱ्या बायांना हातमोजे आणि प्यायला स्वच्छ पाणी मिळते काय, हे आपल्या बागेत घडते, म्हणून त्याचे उत्तरही आपणच द्यायचे असते. जो मुकादम मजुरांची नावे, वये आणि दिलेली मजुरी वहीत दाखवत नाही, त्याला गाळणीत थांबवावे. ग्राहक विचारतो म्हणून तर करावेच, पण ग्राहकाने न विचारताही हे करायला हवे होते, असे मला वाटते.

निर्यातदाराला गुण द्यायचे की नाही, असे आपण विचाराल. जरूर द्यावेत, आणि मागील तीन वर्षांत पैसे किती दिवसांत दिले याला निम्मे वजन ठेवावे. त्याविषयी बोलायला वेगळे व्याख्यान लागेल.

केव्हा आणि कसे

गुण दिल्यावर ते लपवून ठेवू नयेत. दुकानदाराला दाखवावेत. 'पावतीवर बॅच लिहिलीत आणि रिकामे डबे परत घेतलेत तर पुढच्या वर्षी आमच्या गटाची खरेदी तुमच्याकडेच' असे पंधरा जणांनी लेखी सांगितले तर तो ऐकतो, कारण त्यालाही धंदा करायचा आहे. रिकामे डबे तीनदा धुवावेत आणि पुन्हा कोणाला वापरता येणार नाहीत असे फोडावेत. वस्तीपासून दूर पुरण्याची सूचना १९७१ च्या नियमांत आहे. गोळा करून नेण्याची सोय दुकानदाराने केली तर ती अधिक चांगली.

या कामाला हंगाम संपल्यानंतरचे आणि खरड छाटणीपूर्वीचे दिवस योग्य आहेत, कारण तेव्हा अंश तपासणीचे अहवाल हाती आलेले असतात आणि नवी खरेदी सुरू झालेली नसते. साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक पुरवठादाराला एक पान द्यावे. वर गाळणीचे चार प्रश्न, खाली गुण, आणि मागच्या बाजूला त्याच्याकडून घेतलेल्या प्रत्येक बॅचचा क्रमांक व ती कोणत्या प्लॉटवर कोणत्या तारखेला फवारली याची नोंद. मग गेल्या वर्षीचा अहवाल उघडून त्यात सापडलेली औषधे या नोंदींशी एकेक करून जुळवावीत. जे औषध अहवालात आहे पण आपल्या फवारणीच्या नोंदीत नाही, त्याच्याभोवती लाल शाईने गोल करावा. ते त्या आठवड्यांत फवारलेल्या कोणत्या बाटलीतून आले असेल याचा माग काढून, ती ज्या दुकानातून आणली त्या दुकानात वही घेऊन जावे.